मजुरीची उधारी

(इचलकरंजीत मजुरीवर शिवणकाम घेणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलणाऱ्या बाई स्वतः घरी मशिनी टाकून व्यापाऱ्यांचा माल शिवून देतात. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता 'घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया आणि कायदा'. पण कायदा मला नंतर कळला, आधी ठेच लागली. म्हणून आधी ठेचेचं सांगते. ती माझ्या एकटीची नाही. इथं बसलेल्या निम्म्या जणींच्या पायाला तीच लागलेली आहे, फक्त आपण एकमेकींना पाय दाखवत नाही.

माझ्या घरात सहा मशिनी आहेत. एकीवर मी बसते, बाकीच्यांवर गल्लीतल्या पाच जणी. व्यापारी कापलेल्या कापडाचे गठ्ठे पाठवतो, आम्ही परकर शिवून देतो. दोरा माझा, लाईट माझी, मशीन बिघडली तर मिस्त्री माझा. म्हणजे मी कामगार नाही, आणि कारखानदारीणही नाही. मधली आहे. या मधल्या जागेची गंमत अशी, की वरून पैसे थांबले की खाली कुणालातरी थांबवायचं काम आपल्या वाट्याला येतं.

2022 च्या दसऱ्यापासून 2023 च्या संक्रांतीपर्यंत एका व्यापाऱ्याचे चार गठ्ठे मी शिवून दिले. 1200, 900, 1500 आणि 1400. एकूण 5000 परकर. माझी मजुरी पीसला 8 रुपये, त्यातले साडेपाच रुपये शिवणारणीला. हिशेब सोपा आहे, माझे 40,000 झाले, त्यातले 27,500 बायकांचे. संक्रांतीपर्यंत हातात काय आलं? व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे 11,000. माझ्या हातात 9,000.

हे मधले 2,000 कुठं गेले ते सांगते, कारण आपल्या बैठकीत ते सांगितलंच पाहिजे. मी दोनदा पेढीवर गेले तेव्हा दिवाणजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला हेलपाटा मारता? मालकांना पाठवा की." मी कुणाला पाठवलं नाही. पण पुढच्या आठवड्यात माझे मिस्टर बाजारात दिसले आणि दिवाणजींनी त्यांच्या हातात 6,000 ठेवले. पावती नाही, काही नाही. त्यांनी गाडीचा थकलेला हप्ता भरला आणि 4,000 घरी आणून दिले. त्यात त्यांना चोरी केली असं वाटलंही नाही. घरातलाच पैसा, घरातच गेला! पण तो घरातला पैसा नव्हता. त्यातला बराचसा पाच बायकांचा होता. परकर शिवले बायकांनी, आणि पैसे घ्यायला लायक माणूस ठरला तो, ज्यानं मशिनीत दोरा कधी ओवला नाही.

मग सुरू झाले हेलपाटे. फेब्रुवारीपासून मी अकरा वेळा गेले. दर वेळी उत्तर नवं. "पुढनं पेमेंट आलं नाही." "मार्च एंडिंग आहे, एप्रिलात बघू." "शेठ गावाला गेलेत." एकदा तर चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचं कुठं पळून जातंय काय? आपल्या घरचंच आहे की." घरचं म्हटलं की मागायची सोयच उरत नाही. आणि मी काय म्हणत होते? "शेठ, जरा बघा की." हा 'जरा' शब्द माझ्या तोंडात कुठून आला, याचा मी पुढं फार विचार केला. रेशनच्या रांगेत आपण भांडतो, नळावर भांडतो, दारूच्या दुकानासमोर धरणं धरतो. स्वतःच्या मजुरीचे पैसे मागताना मात्र आवाज आपोआप खाली जातो, उसने मागायला आल्यासारखा.

खरं तर उसने कोणी कुणाला दिले होते? नीट बघा. आपल्या कापड बाजारात व्यापारी व्यापाऱ्याला माल देतो तेव्हा पैसे किती दिवसांनी द्यायचे हे ठरलेलं असतं. त्याला शब्द आहे, पेमेंट धारा. धाऱ्याच्या आत रोख दिले तर वटाव मिळतो, धारा चुकला तर व्याजाची भाषा सुरू होते. दिवसाला किंमत आहे. आता हाच पैसा खाली उतरत उतरत आपल्यापर्यंत येतो तेव्हा धारा नाही, व्याज नाही, तारीख नाही. फक्त 'बघू'. माझे 29,000 त्या पेढीत पाच महिने बिनव्याजी फिरत होते. सहा मशिनींची बाई त्या पेढीची सावकार झाली होती, आणि तरी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी होती.

हे गाव उभंच राहिलंय मजुरीच्या कामावर. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासूनचा इतिहास आपल्या पोरांना शाळेत सांगतात. त्यात हे येत नाही की सूत एकाचं, सायझिंग दुसऱ्याकडं, विणणारा खर्चीवाला तिसरा, प्रोसेस चौथ्याकडं आणि शिवणारी बाई सगळ्यात शेवटी. खर्चीवाल्याचेही पैसे अडकतात, हे मला मान्य आहे. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत आणि जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर कितीतरी माग बंद पडले, ते आपण डोळ्यांनी बघितलं. पण खर्चीवाल्यांच्या संघटना आहेत, त्यांचे मोर्चे निघतात, पेपरात बातमी येते. घरात कांड्या भरून देणाऱ्या बायकांचं काम नव्या मागांनी हळूहळू संपवलं, त्याची बातमी कुठं वाचली का कुणी? त्यातल्या किती जणींची मजुरी बुडाली, हे कुणाच्या वहीत नाही.

मुंबईचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. गिरणगावात बायका घरी खाणावळी चालवायच्या, गिरणी कामगार महिन्याच्या उधारीवर जेवायचे. 1973-74 च्या संपात कामगारांचा पगार थांबला, पण या बायकांनी जेवण थांबवलं नाही. स्वतः सावकाराकडून पैसे काढून, दागिने गहाण टाकून कामगारांना जेवू घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. संप पोसला कुणी, हे प्रेमाताई पुरवांनी बघितलं आणि 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. त्या बायका देत होत्या ती उधारीच होती, भांडवलच होतं. पण त्याला कुणी भांडवल म्हणालं नाही. सांभाळून घेणं म्हणाले.

आता माझ्या गोष्टीतला वाईट भाग. तो टाळून पुढं गेले तर इथं उभं राहायचा मला हक्क नाही.

त्या पाच महिन्यांत माझ्याकडच्या बायका मला पैसे मागत होत्या, आणि मी त्यांना काय सांगत होते? "पुढनं आलं नाही." "एक तारखेला बघू." एकीला तर मी म्हणाले, "आपल्या घरचंच आहे की." शब्द तेच. पेढीवरून उचलून आणले आणि माझ्या उंबऱ्यात वापरले. त्यांच्यातली एक काकी, वयानं माझ्यापेक्षा मोठी, कबनूरहून चालत येते. तिनं मशीन थांबवली आणि म्हणाली, "वहिनी, शेठ तुम्हाला देत नसंल, खरं असंल. पण मी तुमच्या शेठला वळखत न्हाई. मी तुम्हाला वळखते."

मला त्या रात्री झोप लागली नाही. ती बरोबर होती. तिच्यापुढं मीच शेठ होते.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणींना बसवलं आणि सगळा हिशेब सांगितला. पीसला 8 रुपये मिळतात हेही सांगितलं, जे मी कधी सांगितलं नव्हतं. दोन जणींची तोंडं उतरली. मग दोऱ्याचं आणि लाईटचं बिल दाखवलं. अर्धा तास भांडण झालं, मग चहा झाला. आणि ठरलं की सगळ्यांनी मिळून जायचं.

जायच्या आधी मात्र आपल्या गटातल्या ओळखीच्या वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कागद काय आहे?" माझ्याकडं काय होतं? भिंतीवरचं कॅलेंडर. त्यावर तारखेच्या चौकोनात '900 दिले' असं पेन्सिलीनं लिहिलेलं. बाकी सगळं दिवाणजींच्या वहीत. आणि त्या वहीत, एप्रिल महिन्यात, अचानक 'माल खराब' अशी नोंद झाली होती. शेवटचा गठ्ठा जानेवारीत दिलेला, परकर बाजारात विकून झालेले, आणि नेफा वाकडा आहे हे तीन महिन्यांनी दिसलं!

वकीलबाईंनी त्या दिवशी जे सांगितलं, ते आज मी तुम्हाला सांगते. मी वकील नाही, पण एवढं मी पाठ केलंय.

लहान उद्योगांसाठी 2006 सालचा एक कायदा आहे, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. त्यात लिहिलंय की लहान उद्योगानं माल किंवा काम दिलं की घेणाऱ्यानं ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी काहीही ठरलेलं असो, 45 दिवसांपलीकडं जायचं नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर साडेसहा धरला तर साडेएकोणीस टक्के होतात. आणि खराब मालाचं म्हणाल तर तक्रार माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत, लेखी करायची. नाहीतर माल पसंत पडला असं कायदा धरतो. तीन महिन्यांनी तोंडानं 'नेफा वाकडा' म्हणून चालत नाही.

पण यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते, आणि माझी नव्हती. नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, 2020 पासून चालू आहे. मला वाटायचं की ती कारखाना असणाऱ्यांची गोष्ट. माझ्या पुढच्या खोलीत सहा मशिनी आहेत तो कारखाना नाही तर काय आहे? आणि आता नोंदणी करून जुने पैसे मिळतील, असंही धरून चालू नका. 2021 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला हे संरक्षण नाकारलंय. 2025 मध्ये दुसऱ्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडं पाठवला, पण आपण त्या भरवशावर बसायचं कशाला? ज्यांनी केली नाही त्यांनी पुढचा गठ्ठा घ्यायच्या आधी करून टाकावी. नोंदणी असेल तर अशा थकबाकीसाठी वेगळी परिषद आहे, तिथं अर्ज ऑनलाइन करता येतो. कायद्यात लिहिलंय 90 दिवसांत निकाल. 90 दिवसांत होतोच असं मी तुम्हाला सांगणार नाही.

1 एप्रिल 2024 पासून अजून एक झालं. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले की मगच धरता येतो. त्यावरून कापड बाजारात केवढी ओरड झाली! मला त्या ओरडीतून एवढंच कळलं, की नैतिकतेपेक्षा आयकराला शेठलोक जास्त मानतात. याची दुसरी बाजूही आहे. 'नोंदणीवाली बाई नको' असं म्हणून काम दुसरीकडं न्यायला त्यांना वेळ लागत नाही. म्हणून एकट्या-दुकट्या बाईनं नोंदणी करून भागत नाही, गल्लीतल्या सगळ्यांनी केली पाहिजे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे फार जुनं आहे, 1872 च्या करार कायद्यातलं, कलम 170. कुणी तुम्हाला वस्तू दिली आणि तुम्ही तिच्यावर आपलं कसब खर्च केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःजवळ ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. कायद्यात उदाहरणं दिलीत. जवाहिऱ्याला हिरा पैलू पाडायला दिला, त्यानं पाडला, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडं. आणि दुसरं उदाहरण कुणाचं आहे? शिंप्याचं! शिंप्याला कोटाचं कापड दिलं. त्यानं कबूल केलं की कोट तयार झाला की लगेच देईन, पैसे तीन महिन्यांनी चालतील. तर त्याला कोट अडवता येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून लिहिलंय हे, आणि आपण रोज तिथंच अडकतो. मजुरी न देता माल मागितला तर अडवायचा हक्क आपल्या हातात असतो. उधारी कबूल केली की तो हक्क आपणच सोडून देतो. मी तर कबूलही केली नव्हती. टेम्पो दारात आला की गठ्ठे उचलून देत होते. पण एक लक्षात ठेवा, हा हक्क त्याच मालापुरता आहे. मागच्या गठ्ठ्याच्या थकबाकीसाठी आजचा गठ्ठा या कलमाखाली धरता येत नाही. तेवढा धीर धरून एका गठ्ठ्याचे पैसे आले की दुसरा, अशी पद्धत पाडली पाहिजे.

गावभागातल्या एका बहिणीनं मघाशी पुराचं विचारलं. ऑगस्ट 2019 ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, व्यापाऱ्याचं कापलेलं कापड भिजलं आणि त्यानं कापडाची किंमत तिच्या मजुरीतून कापली. त्याच कायद्यात आहे की दुसऱ्याची वस्तू आपण आपल्या वस्तूइतकीच जपली असेल, तर नुकसानीला आपण जबाबदार नाही, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तिनं कापड माळ्यावर टाकलं होतं, आणि स्वतःचं धान्य खाली भिजत ठेवलं होतं.

तर आम्ही सहाजणी जून महिन्यात पेढीवर गेलो. घोषणा नाही, घेराव नाही. गादीसमोर ओळीनं बसलो आणि मी वही काढली. नवी वही, चारही गठ्ठ्यांच्या तारखा, पीस, रक्कम. मी म्हणाले, "शेठ, हा हिशेब. चूक असेल तिथं सांगा, बरोबर असेल तर खाली सही करा." ते म्हणाले, "एवढ्या बायका कशाला आणल्या?" काकी म्हणाली, "परकर आम्हीच शिवलेत की." गिऱ्हाईकं बसली होती. शेठनी दिवाणजींना हाक मारली.

सहीचं महत्त्व मला वकीलबाईंनी शिकवलं होतं. अशा मजुरीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत त्यांनी बाकी लेखी कबूल करून सही केली, तर मुदत तिथून नव्यानं सुरू होते. म्हणून 'देतो की' या शब्दावर वर्षं घालवू नका, सही घ्या. मोबाइलवरचे मेसेजही पुरावा होतात, कोर्टात त्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते पुसू नका, फोन पोराच्या हातात देताना तर अजिबात विसरू नका.

29,000 पैकी 20,000 मान्य झाले, तीन चेकांमध्ये, सगळे माझ्या नावानं. 9,000 त्यांनी 'खराब माल' म्हणून कापले. मी भांडले, पण कागद नव्हता, आणि बायकांना पैसे हवे होते. ते 9,000 गेले ते गेलेच. दुसरा चेक परत आला. चेक न वटल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची असते, मग त्यांना 15 दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. आम्ही रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, आठव्या दिवशी रोख आले. नोटीस लिहायला खर्च आला नाही. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, 1987 च्या कायद्याप्रमाणं. आपल्या कोर्टात चौकशी करा.

त्या 20,000 मधले 18,500 बायकांचे राहिलेले होते, ते दिले. मला 1,500 उरले. दोऱ्याचंही बिल त्यात निघालं नाही. पण काकी अजून माझ्याकडं येते.

त्या व्यापाऱ्याचं काम पुढं मला मिळालं नाही, हेही सांगते. दोन महिने मशिनी रिकाम्या होत्या. मग दुसरा मिळाला, त्याच्याशी आधीच चिठ्ठीवर ठरवलं. किती पीस, काय दर, किती दिवसांत पैसे, आणि पैसे फक्त माझ्या खात्यावर. शेवटच्या ओळीला तो हसला. मिस्टर हसले नाहीत, चार दिवस बोललेही नाहीत, मग बोलायला लागले. आता पीसमागं चार आणे आम्ही बाजूला टाकतो. वरून उशीर झाला तर बायकांची मजुरी त्यातून निघते. रक्कम लहान आहे, एका गठ्ठ्याची मजुरीसुद्धा अजून तिच्यातून पूर्ण निघत नाही. वही मात्र आता कुणीही उघडून बघावी अशी मशिनीवर असते.

मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं, की येताना आपापल्या थकबाकीच्या नोंदी आणा, कॅलेंडर असलं तरी चालेल. दोघी-तिघींच्या पिशवीत वही दिसते आहे, आणि एकीनं खरंच भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलंय. तिच्यापासूनच सुरू करू. बाई, पुढं या, आधी तारखा वाचा.